झाडांच्या यादीआधी देखभालीचं कंत्राट उघडा

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे उत्तर कशाचं आहे ते स्पष्ट राहील. कंपनीचं आवार 16 एकरांचं. इमारती, रस्ते आणि पार्किंग सोडलं तर 9 एकर मोकळं. त्यातलं बरंचसं हिरवळीखाली, आणि मागच्या कुंपणालगतचा 3 एकरांचा तुकडा ‘रिकामा’. व्यवस्थापनाने जैवविविधतेसाठी निधी मंजूर केला आहे. 5 जूनला, पर्यावरण दिनी, एका दिवसात 5,000 रोपं लावायची, प्रवेशद्वाराशी फुलपाखरू उद्यान करायचं, झाडांवर लाकडी घरटी टांगायची आणि गच्चीवर मधमाश्यांच्या पेट्या ठेवायच्या, असा बेत ठरतो आहे. तुम्ही प्रशासन विभागात आहात, बाग तुमच्या गळ्यात पडली आहे, तुम्हाला झाडांची यादी हवी आहे आणि वर्षाअखेर व्यवस्थापनाला काय दाखवायचं हेही तुम्ही विचारलं आहे. शेवटी तुम्ही लिहिलं आहे, ‘साप आणि डास वाढले तर सगळं माझ्यावर येईल.’

यादी मी आत्ता देणार नाही. टाळायचं म्हणून नाही. गेली 18 वर्षं मी कारखाने, कार्यालयं आणि गोदामं यांच्या आवारात हेच काम करते आहे, आणि यादी चुकली म्हणून काम फसल्याचं फार क्वचित पाहिलं आहे. काम फसतं ते लागवडीनंतर. तुमच्या आवारात कुठला जीव राहील आणि कुठला नाही, हे ठरवणारा एक कागद आधीच अस्तित्वात आहे: बागेच्या देखभालीचं वार्षिक कंत्राट. हिरवळ दर आठवड्याला कापावी, कुंपणाची झुडपं पंधरा दिवसांनी छाटावीत, पालापाचोळा रोज उचलावा, कीटकनाशकाची फवारणी दरमहा करावी. माझ्या हाती आलेल्या जवळजवळ प्रत्येक कंत्राटात ही वाक्यं होती. ती तशीच राहिली तर तुम्ही वर काहीही लावा, खाली ते पुसलं जात राहील.

एक प्रसंग सांगते. एका कंपनीत आम्ही फुलपाखरांसाठी वाफा केला होता. नुसती फुलं नव्हे, तर सुरवंटांना लागणारी झाडंही मुद्दाम लावली होती. त्यात रुईची आठ झुडपं होती. रुईवर एका केशरी फुलपाखराची मादी अंडी घालते; तिच्या सुरवंटाला रुई आणि तिच्या कुळातल्याच वनस्पती चालतात. दुसऱ्या महिन्यात अंडी दिसली. पानाच्या खाली एकेक, ज्वारीच्या दाण्याहून कितीतरी बारीक, पांढरट. मग सुरवंट आले, काळ्या-पांढऱ्या-पिवळ्या पट्ट्यांचे, पाठीवर काळ्या शिंगांच्या तीन जोड्या. तीन झुडपांची पानं त्यांनी शिरांपर्यंत खाल्ली. आम्हाला हवं होतं ते नेमकं हेच. पण कुणी तरी वरच्या मजल्यावरून खाल्लेली पानं पाहिली, ‘बागेला कीड लागली’ असा निरोप गेला आणि कंत्राटदाराच्या माणसाने सकाळी सातला पंप मारला. त्याची काहीच चूक नव्हती. कीड दिसली की फवारायची, हे त्याच्या कामात लिहिलेलं होतं. मी दुपारी पोचले तेव्हा सुरवंट झुडपांखाली आखडून पडले होते आणि वाफ्याच्या कडेला ‘फुलपाखरू उद्यान’ अशी पाटी उभी होती. त्या दिवसापासून मी लागवडीचा आराखडा काढण्याआधी कंत्राट मागवते.

खाल्लेलं पान हे अधिवास चालू असल्याचं चिन्ह आहे, हे सगळ्यांना आधी सांगून ठेवावं लागतं. पक्षी वाढतात ते फळांवर कमी आणि अळ्यांवर जास्त. पिल्लांना मऊ, प्रथिनांचं खाणं लागतं. अमेरिकेतले कीटकशास्त्रज्ञ डग्लस टॅलमी यांनी हे आकड्यांत मांडलं आहे: चिकडी नावाच्या चिमणीएवढ्या पक्ष्याला एका खेपेची पिल्लं मोठी करायला 6,000 ते 9,000 अळ्या लागतात. एवढ्या अळ्या ज्या बागेत मिळत नाहीत, तिथे लाकडी घरटं कितीही छान टांगलं तरी त्यात पिल्लं जगणार नाहीत.

आता काय कशावर अवलंबून आहे ते सांगते, कारण तुमचं आवार मी पाहिलेलं नाही. पाऊस किती आणि किती महिन्यांत पडतो, माती किती खोल आहे की भराव टाकलेला आहे, कुंपणापलीकडे शेत आहे, टेकडी आहे, ओढा आहे की दुसरा कारखाना, आणि पाणी बागेला किती मिळतं. यातलं कुंपणापलीकडे काय आहे, हे सर्वात महत्त्वाचं. रॉबर्ट मॅकआर्थर आणि एडवर्ड विल्सन यांनी 1960 च्या दशकात समुद्री बेटांबद्दल मांडलेला विचार इथे उपयोगी पडतो: बेट जितकं मोठं आणि मुख्य भूमीला जितकं जवळ, तितक्या त्यावर जाती जास्त टिकतात. काँक्रीटच्या मध्ये असलेलं 9 एकरांचं हिरवं आवार हे एक बेटच आहे. पलीकडे ओढा असेल तर तुमचं पहिलं काम त्या बाजूचा पट्टा सांभाळणं हे आहे. कुंपण भिंतीचं असेल तर तळाशी हातभर रुंदीची काही भोकं ठेवा, म्हणजे बेडूक, सरडे, मुंगूस यांना ये-जा करता येईल. सुरक्षा विभाग आधी नाही म्हणेल. भोकांना जाड गज लावून दाखवले की बहुतेक वेळा मान्य होतं.

तो मागचा ‘रिकामा’ तुकडा. तुमच्या प्रश्नातलं मला सगळ्यात जास्त काळजीत टाकणारं हेच वाक्य आहे, कारण 5,000 रोपं तिथेच लावायचं ठरतं आहे असं दिसतं. कृपा करून एक पूर्ण वर्ष त्या तुकड्यात काहीही लावू नका. तिथे काय आहे ते सगळ्या ऋतूंत आधी बघा. माणसाला जी जागा रिकामी दिसते, ती पुष्कळदा गवताळ असते, आणि गवताळ जागेला तिचे स्वतःचे रहिवासी असतात. टिटवी घेऊ. ती झाडावर घरटं करतच नाही. उघड्या जमिनीवर, खडीत एक उथळ खळगा, भोवती चार खडे आणि त्यात साधारण चार अंडी, मातीच्या आणि खडीच्याच रंगाची. दोन पावलांवर उभं राहूनही दिसत नाहीत. मी एकदा एका आवारात मोजणीच्या खुंट्या ठोकत होते आणि एक टिटवी डोक्यावर घिरट्या घालून इतकी ओरडत होती की मी खुंटी खाली ठेवून गुडघ्यावर बसले. अंडी माझ्या बुटापासून वीतभर होती. अशा जागेत दाट झाडी लावली तर झाडांची संख्या वाढते आणि टिटवी, चंडोल, नाकतोडे, गवतातली फुलपाखरं, जमिनीत बीळ करणाऱ्या मधमाश्या निघून जातात.

दाट लागवडीबद्दल थोडं सविस्तर, कारण व्यवस्थापनाच्या मनात ‘मियावाकी जंगल’ असणार. जपानी वनस्पतिशास्त्रज्ञ अकिरा मियावाकी यांनी ही पद्धत घडवली आणि 1970 च्या दशकात ती निप्पॉन स्टीलच्या कारखान्यांभोवती मोठ्या प्रमाणावर वापरली गेली. म्हणजे कंपनीच्या आवाराशी तिचं नातं जुनं आहे. पण मियावाकींच्या कामाचा पाया रोपांमधलं अंतर हा नव्हता. माणसाने हात लावला नसता तर या जागी कुठलं रान वाढलं असतं, याचा शोध ते आधी घेत. जुन्या देवस्थानांभोवती राखलेली झाडी अभ्यासत, तिथल्या जातींचं बी गोळा करत. आज या नावाखाली जे विकलं जातं, त्यात हा अभ्यास बहुतेक वेळा गळलेला असतो आणि उरतं ते फक्त चौरस मीटरला तीन-चार रोपं. जिथे मुळात जंगल होतं आणि आता उजाड झालं आहे, तिथे ही पद्धत मी स्वतः वापरते आणि तिचे चांगले परिणाम पाहिले आहेत. जिथे मुळात गवत होतं, तिथे वापरत नाही. तुमच्याकडे कुठलं, हे मागचा तुकडा वर्षभर पाहिल्यावर कळेल. दाट झाडी करायचीच असेल तर ती इमारतीजवळच्या हिरवळीच्या जागी करा. तिथे गमावण्यासारखं फारसं काही नसतं.

हिरवळीकडे येते, कारण सर्वात स्वस्तात सर्वात जास्त फरक तिथे पडतो. सगळी हिरवळ काढा असं मी म्हणत नाही. लोक जिथे बसतात, खेळतात, तिथली ठेवा. उरलेल्या हिरवळीवर कुणाचं पाऊलसुद्धा पडत नाही, ती फक्त खिडकीतून दिसते. तिथे कापणी कमी करा. अमेरिकेत घरांभोवतीच्या हिरवळींवर झालेला एक अभ्यास 2018 मध्ये प्रसिद्ध झाला. दर आठवड्याऐवजी तीन आठवड्यांनी कापलेल्या हिरवळीत रानफुलं अडीच पटींपर्यंत वाढली आणि दोन आठवड्यांनी कापलेल्या हिरवळीत मधमाश्यांची संख्या सर्वात जास्त भरली. त्यासाठी बी पेरलं नव्हतं की एक रोपही लावलं नव्हतं. तुमच्याकडे मी तीन पट्टे सुचवेन. वापरातली हिरवळ आजच्यासारखीच. तिच्यामागे महिन्या-दीड महिन्याने, आणि जरा उंच ठेवून कापायचा पट्टा. आणि कुंपणाकडे वर्षातून एकदाच, बी झडून गेल्यावर, तेही एका वर्षी अर्धंच कापायचं गवत. अर्धं उभं राहिलं की त्यातले कोष, अंडी आणि कोळी पुढच्या वर्षी उरलेल्या अर्ध्यात पसरतात.

‘आवार गबाळं दिसतं’ ही तक्रार येणारच, आणि ती खोटी नाही. वाढलेलं गवत पाहून माणसाला वाटतं की इथे कुणाचं लक्ष नाही. जोन नासाउर या भूदृश्य-अभ्यासकांनी 1995 मध्येच यावर लिहिलं आहे. लोकांना रानटीपणाचा त्रास होत नाही, निष्काळजीपणाचा होतो. म्हणून रानाभोवती काळजीची खूण दिसू द्यावी. मी उंच गवताच्या कडेने नेहमी दीड-दोन मीटरचा पट्टा नीट कापून घेते, कड सरळ रेषेत, पायवाट स्वच्छ आणि एक छोटी पाटी. एवढ्यावर तक्रारी जवळजवळ थांबतात. तोच कापलेला पट्टा सापाच्या भीतीवरही उपाय आहे, त्याबद्दल पुढे.

फवारणीबद्दल माझं मत ठाम आहे. दरमहा ठरावीक फवारणी बंद. कीटक सगळीकडेच घटत आहेत. जर्मनीतल्या 63 संरक्षित क्षेत्रांत लावलेल्या सापळ्यांचा 27 वर्षांचा हिशोब 2017 मध्ये आला, त्यात उडणाऱ्या कीटकांचं एकूण वजन तीन चतुर्थांशाहून जास्त घटलेलं निघालं. ती राखीव क्षेत्रं होती. आपलं आवार तर आपल्या हातात आहे. कंत्राटात एवढंच लिहा: फवारणी फक्त लेखी परवानगीने, एका झाडापुरती, आणि आधी छाटणी किंवा पाण्याचा मारा करून पाहिल्यावर. तणनाशकालाही हाच नियम. उंदरांच्या विषाचा विचार वेगळा करा, कारण ते बहुधा बागेच्या कंत्राटात नसून इमारतीच्या कीडनियंत्रणाच्या कंत्राटात असतं आणि कुणाच्या लक्षात येत नाही. विष खाल्लेला उंदीर लगेच मरत नाही. तो सुस्त होऊन उघड्यावर फिरतो आणि घुबडाच्या हाती लागतो. विष मग घुबडात जातं. पिंजरे लावा, खरकटं झाकून ठेवा, भिंतींची बिळं बुजवा. एक घुबडाची जोडी टिकली तर उंदरांचं काम तीच करते.

आता झाडं. पहिली गोष्ट, फूल आकर्षक आहे म्हणून झाड निवडू नका. टणटणीवर फुलपाखरं झुंबड करतात हे खरं, पण ती जगभरच्या उष्ण प्रदेशांत पसरून स्थानिक झाडोरा गिळणारी वनस्पती आहे आणि तिची फळं पक्षी तुमच्या कुंपणापलीकडे नेतात. प्रत्येक जातीबद्दल तीन प्रश्न विचारा: ती या प्रदेशाची आहे का, तिची पानं कोण खातं, आणि ती कुठल्या महिन्यात फुलते किंवा फळते. तिसऱ्या प्रश्नासाठी बारा रकान्यांचा तक्ता करा. रिकामे राहिलेले महिने भरायला झाडं शोधा. बहुतेक बागांत दोन-तीन महिने फुलांचा पूर येतो आणि उरलेले महिने उपासाचे जातात. उंबर, वड, पिंपळ यांचं कूळ म्हणूनच मोलाचं आहे. जगात अंजीरकुळातल्या 750 च्या आसपास जाती आहेत, आणि साधारणपणे प्रत्येकीची परागण करणारी बारीक गांधीलमाशी वेगळी. ती माशी जगायची तर आसपास कुठल्या ना कुठल्या झाडावर वर्षभर फळ असावं लागतं, त्यामुळे बाकीचं सगळं संपतं तेव्हाही पक्ष्यांना आणि वटवाघळांना इथे खायला मिळतं. मात्र ही झाडं इमारतीपासून आणि पाण्याच्या नळांपासून लांब लावा. त्यांची मुळं कुणाचं ऐकत नाहीत.

दुसरी गोष्ट, थर. उंच झाड, मध्यम झाड, झुडूप, वेल, गवत आणि जमिनीवरचा पाला, असे सगळे थर एका जागी हवेत. कंपन्यांच्या बागांत वरचा थर असतो, सर्वात खालची हिरवळ असते आणि मधलं सगळं छाटून काढलेलं असतं. लहान पक्षी राहतात मात्र मधल्या थरात. झुडपं चौकोनी कापणं बंद केलंत की ती फुलायला लागतात, कारण कात्री बहुतेक वेळा कळ्यांवरच चाललेली असते.

पालापाचोळा झाडाखालीच राहू द्या. रस्त्यावरचा झाडायचाच, पण तो गोणीत भरून बाहेर न पाठवता झाडांच्या बुंध्याशी पसरायचा. वठलेलं झाड लगेच मुळापासून काढू नका. वाटेपासून दूर असेल तर फांद्या उतरवून तीन-चार मीटरचा सोट उभा ठेवा. सुतार आणि तांबट त्यात ढोली कोरतात, आणि त्यांनी सोडलेल्या ढोलीत साळुंक्या, पोपट, पिंगळे येतात. लाकडी घरटी टांगण्याऐवजी मी हे सुचवते. घरटी लावायचीच असतील तर भोकाचं माप कुठल्या पक्ष्यासाठी आहे ते ठरवून लावा आणि दरवर्षी साफ करायचं काम कुणाच्या तरी नावावर लिहा.

मधमाश्यांच्या पेट्या ठेवू नका. पेटीतली मधमाशी हा पाळीव प्राणी आहे. गच्चीवर कोंबड्या पाळल्या म्हणून पक्षी वाचत नाहीत, तसंच हे आहे. हजारो पाळीव माश्या मर्यादित फुलांवर सोडल्या की रानमाश्यांच्या वाट्याचं कमी होतं. जगात मधमाश्यांच्या 20,000 हून जास्त जाती आहेत, त्यातल्या बहुसंख्य एकेकट्या राहतात आणि जवळपास 70 टक्के जमिनीत बीळ करतात. त्यांना हवी ती ऊन लागणारी, न फवारलेली, न झाकलेली थोडीशी उघडी माती. उताराचा दहा-बारा मीटरचा तुकडा तसा सोडून दिलात तर काही आठवड्यांत पेन्सिलीएवढी भोकं दिसू लागतील. पेट्यांवर वाचलेल्या पैशातून तिथे एक पाटी लावा.

पाण्याबद्दल. तळं छोटं चालेल, पण त्याचे काठ उतरते हवेत. सिमेंटच्या उभ्या काठाच्या तळ्यात बेडकाची पिल्लं वाढतात आणि मग बाहेर पडता न आल्याने मरतात. काठापासून बोटभर खोलीपासून सुरू होऊन मध्ये गुडघाभर, काठाला स्थानिक पाणवनस्पती, एका बाजूला दगडांची उतरण. डासांसाठी त्यात गप्पी मासे सोडू नका, ते बेडकांची पिल्लंही खातात. चतुर आणि टाचण्या स्वतःहून येतात, आणि त्यांच्या पाण्यातल्या अळ्या डासांच्या अळ्यांवर जगतात. तुमच्या आवारातले डास बहुधा तळ्यात वाढतच नाहीत. ते कुंड्यांखालच्या ताटल्या, गच्चीवरची तुंबलेली पन्हळ, टाकून दिलेले डबे आणि एसीचं पाणी साठलेले कोपरे इथे वाढतात, कारण तिथे त्यांना खाणारं कुणी नसतं. उष्ण हवेत आठवड्या-दीड आठवड्यात अंड्याचा डास होतो, म्हणून ती फेरी दर आठवड्याला हवी. तळं करायच्या आधी ही फेरी सुरू करा आणि त्याची नोंद ठेवा. तक्रार आली की ती वही दाखवता येते.

साप. आवारात आजही साप आहेत, फक्त दिसत नाहीत. उंच गवत, लाकडांचे ढीग आणि दगडांची रचाई इमारतीच्या दारांपासून आणि पायवाटांपासून दूर ठेवा आणि मध्ये तो कापलेला पट्टा. साप उघडा पट्टा ओलांडायला कचरतो, आणि ओलांडला तरी माणसाला लांबून दिसतो. उपाहारगृहामागे खरकटं पडत असेल तर तिथे उंदीर येतात आणि उंदरांमागे साप. तिथली सफाई हा सापांबाबतचा सर्वात खरा उपाय आहे. माळ्यांना गुडघ्यापर्यंतचे बूट द्या, प्रशिक्षित सर्पमित्राचा क्रमांक सुरक्षा चौकीत लावा आणि दिसलेला साप मारायचा नाही, हे लेखी करा. हे सगळं काम सुरू होण्याआधी झालं, तर पुढे काही घडलंच तरी तुम्ही तयारी केली होती हे कागदावर राहील.

आतापर्यंतचं एकत्र करते: कंत्राट बदला, मागचा तुकडा वर्षभर फक्त बघा, हिरवळीचे तीन पट्टे करा, मधले थर आणि पाला परत येऊ द्या. पण तुमच्या बेतात जिचा उल्लेखच नाही अशी एक गोष्ट उरते, आणि ती आहे इमारत.

बाग चांगली झाली की पक्षी येतात, आणि इमारत काचेची असेल तर तेच पक्षी काचेवर आपटून मरतात. काचेत त्यांना झाड दिसतं, आकाश दिसतं. अमेरिकेत इमारतींच्या काचांवर आपटून दरवर्षी 36 कोटी ते 99 कोटी पक्षी मरतात, असा अंदाज 2014 मध्ये प्रसिद्ध झाला. शिकागोच्या मॅकॉर्मिक प्लेस या एकाच इमारतीपाशी ऑक्टोबर 2023 मध्ये एका रात्री-सकाळीत हजाराच्या जवळपास स्थलांतरी पक्षी मेलेले सापडले. पुढच्या वर्षी तिथल्या काचांवर बारीक ठिपक्यांची फिल्म लावली आणि मृत्यू फार मोठ्या प्रमाणात घटले. ठिपके काचेच्या बाहेरच्या बाजूने, एकमेकांपासून 5 सेंटिमीटरच्या आत हवेत. ससाण्याच्या आकृतीचा एखादा स्टिकर चिकटवून उपयोग होत नाही, पक्षी त्याच्या बाजूने जायला बघतो आणि आपटतो. सगळी इमारत झाकायची गरज नाही. एक महिना रोज सकाळी, झाडू मारण्याआधी, काचांच्या पायथ्याशी फेरी मारा आणि पडलेले पक्षी नोंदवा. दोन-तीन जागा लगेच लक्षात येतील. बहुतेक वेळा त्या झाडांसमोरच्या खालच्या मजल्यांच्या काचा असतात.

दिव्यांचंही तसंच. रात्रभर पांढऱ्या उजेडात पतंग घिरट्या घालून दमून मरतात, आणि त्या उजेडात फुलांवर रात्रीचं परागण कमी होतं. दिव्याचं तोंड खाली करा, रंग उबदार ठेवा, म्हणजे 3,000 केल्विन किंवा त्याखाली, आणि जिथे माणूस क्वचित जातो तिथे हालचाल टिपून लागणारे दिवे बसवा. वीजबिल घटतं, त्यामुळे हा भाग मंजूर करून घेणं सर्वात सोपं जातं.

व्यवस्थापनाला वर्षाअखेर दाखवायचं काय, हा तुमचा रास्त प्रश्न आहे. डिसेंबर 2022 मध्ये ठरलेल्या जैवविविधतेच्या कुनमिंग-माँट्रियल जागतिक आराखड्यात मोठ्या कंपन्यांनी निसर्गावरचा आपला परिणाम आणि जोखीम उघड करावी असं उद्दिष्ट आहे, आणि सप्टेंबर 2023 मध्ये टीएनएफडी या, कंपन्यांनी निसर्गाशी निगडित जोखीम कशी उघड करावी हे सुचवणाऱ्या आंतरराष्ट्रीय गटाने त्यासाठीच्या शिफारशी दिल्या. म्हणजे लावलेल्या झाडांची संख्या यापुढे पुरणार नाही. मला विचाराल तर जगलेल्या झाडांची आणि परत आलेल्या जातींची संख्या, आणि किती लिटर फवारणी थांबवली ते दाखवा. पक्ष्यांची ठरलेल्या वाटेने ठरलेल्या वेळी महिन्याला दोनदा गणना करा आणि ती ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर भरा. बाकीचे जीव आयनॅचरलिस्ट या तशाच निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर. कर्मचाऱ्यांपैकी पाच-सहा जण हौसेने पुढे येतात, दरवेळी येतात. गणना काम सुरू व्हायच्या आधीपासून हवी, नाहीतर तुलना कशाशी करणार? आणि स्पष्ट सांगून ठेवा की कंपनीच्या कच्च्या मालामुळे, सांडपाण्यामुळे दुसरीकडे जे नुकसान होतं, त्याची भरपाई ही बाग करत नाही. ही बाग स्वतःच्या जागेपुरती खरी असली तरी पुष्कळ झालं.

5 जूनचा कार्यक्रम रद्द करणं तुमच्या हातात नसेल. मग त्याचं रूप बदला. 5,000 रोपांऐवजी इमारतीजवळच्या हिरवळीवर 300 रोपं, प्रत्येकाला क्रमांक, आणि पहिली तीन वर्षं पाणी व तण काढण्याची तरतूद त्याच निधीत वेगळी काढलेली. रोपवाटिकेला स्थानिक जातींची मागणी सहा-आठ महिने आधी द्यावी लागते. मे महिन्यात विचारलंत तर हाती शोभेचंच पडेल.

आणि या आठवड्यात एक काम करा. तुमच्याकडच्या सर्वात जुन्या माळ्याबरोबर सकाळी सहाला पूर्ण आवार चाला. कंत्राटदार बदलले तरी अशी एक व्यक्ती बहुधा दहा-पंधरा वर्षं तिथेच असते. धामण कुठे दिसते, टिटवी कुठे बसते, पाणी कुठे साचून राहतं, कुठल्या झाडावर वटवाघळं येतात, हे त्यांना विचारा. आवाराचा नकाशा सोबत न्या आणि ते सांगतील ते त्यांच्यासमोरच त्यावर लिहा. तो नकाशा आणि कंत्राटाची प्रत, एवढं जमलं की मला कळवा. झाडांच्या यादीचं त्यानंतर आपण बघू.